गरम पाण्याच्या लाइनचा तोच जॉइंट पुन्हा पुन्हा का गळतो?

कर्वेनगरच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: चार मजली इमारत, ताई राहतात चौथ्या मजल्यावर. गच्चीवर सोसायटीचा सोलर. तिथून सीपीव्हीसीची (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिक पाइपाची) एकच लाइन डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतून, तळमजल्यापर्यंत उतरते आणि प्रत्येक मजल्यावर बाथरूमकडे फाटा जातो. त्यांच्या मजल्यावरचा डक्टमधला एल्बो (काटकोनी जोड) दोन हिवाळ्यांत तीनदा गळला. प्लंबर येतो, एम-सील लावतो, महिना-दीड महिना बरा जातो, की पुन्हा ठिबक सुरू. पहाटे गळतं, दुपारी आपोआप थांबतं. आता आत बेसिनच्या वरच्या भिंतीलाही पोपडे धरलेत. प्लंबर म्हणतो सगळं जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) करून टाका, शेजारी म्हणतात पीपीआर (वितळवून जोडायचा प्लास्टिक पाइप) करा, आणि मुलाने इंग्लंडमधल्या हीटिंगच्या पाइपांचे व्हिडिओ पाठवलेत, ज्यात पाइप फिटिंगमध्ये नुसता दाबून बसवतात. यातलं काय करावं?

ताई, सगळी लाइन बदलायची घाई करू नका. तुमच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे: पहाटे गळतं, दुपारी थांबतं. हे वाक्य तुमच्या प्लंबरने नीट ऐकलं असतं, तर दुसऱ्यांदा एम-सील लावायची वेळ आली नसती.

प्लास्टिकचा पाइप तापला की लांब होतो आणि गार झाला की आखडतो. सीपीव्हीसीचा हिशेब साधारण असा: एक मीटर पाइप, दहा अंशांचा फरक, ०.६५ मिलीमीटर वाढ. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तुमची उभी लाइन चार मजले म्हणजे बारा मीटर धरा. डिसेंबरात पहाटे पुण्यात डक्टमध्ये पाइपात उभं राहिलेलं पाणी बारा-पंधरा अंशांवर आलेलं असतं आणि सोलरचं पाणी चालू झालं की तोच पाइप साठ-पासष्ट अंशांवर जातो. फरक पन्नास अंशांचा. म्हणजे बारा मीटरचा पाइप जवळजवळ चार सेंटिमीटर लांब होतो आणि रात्री तेवढाच परत आखडतो. जीआयचा पाइप याच ठिकाणी सात-आठ मिलीमीटर हलला असता. हे रोज होतं, वर्षानुवर्षं होतं. त्या चार सेंटिमीटरना जायला जागा ठेवली नसेल, तर ती ओढ कुठल्यातरी एका जॉइंटवर येणारच. तुमच्या घरी ती तुमच्या एल्बोवर येते. पहाटे पाइप आखडला की एल्बो ओढला जातो, चीर उघडते. पाणी तापलं की पाइप पुन्हा लांबतो आणि चीर मिटते.

तेव्हा डक्टमध्ये टॉर्च घेऊन बघायचं ते गळणारी जागा नव्हे, तिच्या वर-खाली काय आहे ते. पाइप क्लॅम्पमध्ये करकचून आवळलाय का? क्लॅम्प लोखंडी पट्टीचा असेल आणि पट्टीचा व्रण पाइपावर उमटला असेल, तर तो पाइप हलूच शकत नाही. प्रत्येक मजल्यावर फाटा भिंतीत शिरतो तिथे सिमेंटने घट्ट बुजवलाय का? स्लॅबमधून जाताना स्लीव्ह (पाइपाभोवतीची मोकळी, मोठी नळी) आहे, की काँक्रीट थेट पाइपाला चिकटलंय? पुण्यातल्या डक्टमध्ये बहुतेक वेळा हे तिन्ही एकत्रच सापडतं, कारण डक्टचं काम शेवटी, घाईत, दोरीला लोंबकळून होतं आणि तिथे बघायला कोणी जात नाही.

उपाय महाग नाही. क्लॅम्प पाइप धरेल पण सरकू देईल असे बसवायचे, शक्यतो प्लास्टिकचे, आडव्या लाइनला दर अडीच-तीन फुटांवर. भिंतीतून जाण्याच्या जागी पाइपापेक्षा मोठ्या व्यासाचा तुकडा स्लीव्ह म्हणून घालायचा. आणि उभ्या लाइनमध्ये एक वळसा द्यायचा: दोन एल्बो टाकून पाइप बाजूला काढायचा, पुन्हा दोन एल्बो टाकून मूळ रेषेत आणायचा. पाऊण-एक इंची लाइनला त्या आडव्या बाहूची लांबी साधारण दोन फूट ठेवली तर दहा-बारा मीटरची वाढ तो बाहू वाकून सोसतो. फाटा निघतो तिथेही टी मधून (तीन तोंडांच्या जोडातून) थेट भिंतीत न शिरता फूट-दीड फूट मोकळा पाइप ठेवून मग वळवायचा. चार एल्बो जास्त लागतात म्हणून लोक हे टाळतात आणि मग बाथरूमची भिंत रंगवत बसतात.

आता एम-सीलबद्दल. वस्तू वाईट नाही, पण हे तिचं काम नाही. ती बाहेरून बसते, कडक होते आणि तापलेल्या पाइपाबरोबर हलत नाही. पाइप हलला की ती सुटते. सीपीव्हीसीचा जॉइंट खरं तर चिकटवलेला नसतोच. जोडताना लावतात ते सोल्युशन पाइपाचा आणि फिटिंगचा पृष्ठभाग विरघळवतं, दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि द्रावण उडून गेलं की एकजीव होतात. जिथे ते एकजीव झालं नाही तिथे बाहेरून काहीही थापलं तरी आत फट राहतेच. त्यामुळे गळणारा सीपीव्हीसीचा जॉइंट दुरुस्त होत नाही. तो कापून काढायचा आणि नवा टाकायचा. आधीचा सुकलेला जॉइंट तापवून ओढायचा, त्याच्या कडेने वरून सोल्युशन ओतायचं, हे सगळं वेळ घालवणं आहे.

कापून काढलेला एल्बो मात्र फेकू देऊ नका. माझा आग्रह असतो की तो हॅक्सॉने उभा चिरायचा आणि दोन्ही फाका उजेडात धरायच्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण गळती कशाची होती ते तिथे स्पष्ट दिसतं. पाइप सॉकेटच्या (एल्बोच्या ज्या तोंडात पाइप बसतो त्याच्या) तळापर्यंत पोचलाच नसेल, तर आत पाव इंच मोकळी जागा दिसते. म्हणजे लावताना पाइप दाबून धरला नव्हता आणि तो मागे सरकला, कारण सॉकेट निमुळतं असतं आणि सुरुवातीची काही सेकंद पाइपाला बाहेर ढकलतं. एका बाजूला चकचकीत, कोरडा पट्टा दिसला, तर तिथे सोल्युशन पोचलं नव्हतं. पाइप फिरवून बसवला नव्हता. सोल्युशनचा थर पांढुरका, बुडबुड्यांचा दिसला, तर पाइप ओला होता. आत जाड गोळा जमून पाण्याची वाट अडवत असेल, तर सॉकेटमध्ये वाजवीपेक्षा जास्त ओतलं होतं, आणि त्या साठलेल्या द्रावणाने पाइपाची भिंतही मऊ पडलेली असते. आणि हे सगळं नीट असूनही एल्बोच्या आतल्या कोपऱ्याला केसासारखी चीर असेल, तर जोडणाऱ्याचं काम चांगलं होतं. एल्बो ओढीने तडकलाय. तुमच्या एल्बोत मला हे शेवटचं सापडेल असं वाटतं. पण त्या लाइनवर उरलेले जॉइंटही त्याच माणसाने लावलेले असणार, म्हणून बघायचंच. चिरलेल्या एल्बोत कोरडा पट्टा निघाला, तर बाकीच्यांवरही लक्ष ठेवावं लागेल.

नवा जॉइंट लावताना समोर उभ्या राहा, प्लंबरला वाईट वाटलं तरी. आधी गिझरचं बटण बंद, मग पाणी बंद, आणि हे काम सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं आणि दुपारी सोलरच्या टाकीत त्याहून तापलेलं असतं. पाइप कटरने काटकोनात कापायचा. हॅक्सॉने कापला तर कडेचा कीस आतून-बाहेरून साफ करून धार थोडी उतरती करायची, नाहीतर ती धार सॉकेटमधलं सोल्युशन खरवडून पुढे ढकलते. मग कोरडा पाइप सॉकेटमध्ये घालून बघायचा आणि तो किती आत जायला हवा तिथे पेन्सिलने खूण करायची. पाइप कोरडाठक्क हवा. वरून थेंब थेंब येत असेल, तर थेंब पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं. जुन्या इमारतीत वरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, तेव्हा आधी तो बदलावा लागतो. ओल्या पाइपावर घाईने लावलेला जॉइंट हमखास गळतो. सोल्युशन सीपीव्हीसीचंच हवं, यूपीव्हीसीचं (गार पाण्याच्या प्लास्टिक पाइपाचं) चालत नाही. डबा बराच काळ उघडा राहून सोल्युशन जेलीसारखं झालं असेल तर तो टाकून द्यायचा, त्यात थिनर घालायचा नाही. पाइपाला भरपूर, सॉकेटला पातळ थर, लगेच आत घालून पाव वळसा फिरवायचा, खुणेपर्यंत गेलाय ना बघायचं आणि तीस सेकंद दाबून धरायचा. कडेला सगळीकडून बारीक सारखी माळ दिसली की झालं. त्यानंतर चोवीस तास त्यात गरम पाणी सोडू नका. कंपन्यांच्या तक्त्यात गार पाण्यासाठी याहून कमी वेळ दिलेला असतो, पण गरम लाइनला मी घाई करू देत नाही, पावसाळ्यात तर अजिबात नाही.

बेसिनच्या वरचे पोपडे हा बहुधा वेगळा विषय आहे. डक्टमधल्या गळतीचं पाणी तिथपर्यंत येऊ शकतं, पण भिंतीत मिक्सरसाठी किंवा ॲंगल कॉकसाठी (पाणी बंद करायच्या छोट्या कॉकसाठी) जो आटे असलेला एल्बो बसवलेला असतो, तिथला संशय मला जास्त आहे. तिथे फिटिंग पितळी आट्यांचंच हवं. नुसत्या प्लास्टिकच्या आट्यात धातूचा कॉक पान्याने आवळला की एल्बो त्याच दिवशी नाही, पण सहा महिन्यांनी उभा तडकतो. पितळी आट्यांतही दोरा आणि सफेदा (तेलात कालवलेली पांढरी लुकण) नको. जीआयच्या काळातली ती सवय अजून गेलेली नाही. सफेद्यातलं तेल सीपीव्हीसीला लागलं की जिथे ताण आहे तिथे तो चिरत जातो. टेफ्लॉन टेप पुरेशी आहे. हीच गोष्ट वाळवीच्या फवारणीची: केरोसिनसारख्या तेलात मिसळलेलं औषध भिंतीत भोकं पाडून सोडताना पाइपावर गेलं तर वर्ष-दोन वर्षांनी गळती दिसते आणि दोघांचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. फवारणी करून घेताना पाइप कुठून जातात ते त्यांना आधी दाखवा. पाइपावर काळी इलेक्ट्रिक टेपही गुंडाळू नका.

फरशी फोडण्याआधी टेस्टिंग पंप लावून बघा. भाड्याने मिळतो, बऱ्याच प्लंबरांकडे असतोही. गरम लाइनचा तुमच्या घरातला भाग दोन्हीकडून बंद करायचा, गिझर काढून त्याच्या जागी प्लग (बूच), आणि गार पाणी भरून पाच-सहा किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब द्यायचा. तुमच्यासारख्या चार मजली इमारतीत गच्चीच्या टाकीचा दाब तळमजल्यावरही दीड किलोच्या आसपास असतो, म्हणजे ही चाचणी कडक आहे. दोन तासांत काटा उतरला तर गळती घरातल्या भागात आहे. उतरला नाही, तर ओल गार लाइनची, वरच्या गच्चीची किंवा डक्टची. एक सक्त सूचना: हा पंप चालू असताना सोलरची टाकी त्या लाइनला जोडलेली असता कामा नये. काचेच्या नळ्यांच्या साध्या सोलरची टाकी दाब सोसण्यासाठी बनवलेलीच नसते, ती फुगून फाटते.

ओल गरम लाइनची की गार लाइनची हे पंपाशिवायही कळू शकतं. दोन दिवस गरम पाण्याचा तुमचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, बादलीत पाणी तापवून अंघोळी करा, आणि ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून ठेवा. रेघ ओलांडून ओल पुढे गेली, तर घरातली गरम लाइन बहुधा निर्दोष.

सोलरकडेही एकदा जाऊन या. उन्हाळ्यात घरोघरी लोक गावी जातात, गरम पाणी वापरायला कोणी नसतं आणि टाकीतलं पाणी उकळीच्या जवळ जातं. सीपीव्हीसीची मर्यादा ९३ अंश आहे, आणि त्याआधीच त्याची ताकद उतरत जाते: जो जाड पाइप २३ अंशांना २८ किलो दाब सोसतो, तोच ८२ अंशांना जेमतेम ७ किलो सोसतो. म्हणून टाकीतून निघणारा पहिला दोन-तीन फुटांचा तुकडा धातूचाच हवा, त्यापुढे सीपीव्हीसी. मे महिन्यात इमारत अर्धी रिकामी असेल तर काही नळ्यांवर पोतं किंवा शेडनेट टाका. टाकीचा व्हेंट पाइप (हवा-वाफ बाहेर सोडणारी नळी) उघडाच राहिला पाहिजे. थेंब पडतात म्हणून त्यावर टोपी बसवलेल्या मी पाहिल्यात, तसं कधीही करू नका. गच्चीवरचा उघडा सीपीव्हीसी उन्हाने पांढरा, ठिसूळ होतो, म्हणून त्याला इन्सुलेशन आणि वर फॉइल हवं. रंगच द्यायचा तर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक, तेलाचा नाही.

गिझरची एक गोष्ट लोकांना माहीत नसते. पंधरा लिटर पाणी २५ वरून ६५ अंशांवर गेलं की ते जवळजवळ पाव लिटरने वाढतं. गिझरच्या गार पाण्याच्या बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारा) असेल आणि सगळे नळ बंद असतील, तर त्या पाव लिटरला गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सोडून दुसरी वाट नसते. त्यातून थोडं पाणी ठिबकणं म्हणजे तो काम करतोय. ते ठिबकणं थांबवायला कोणी तो प्लग केला असेल, तर तो दाब रोज तुमच्या जॉइंटवर पडतोय. त्याला छोटी नळी लावून ती मोरीकडे सोडा. आणि गिझरला सीपीव्हीसी थेट जोडलेला असेल, तर मध्ये दीड फुटाचा धातूची जाळी असलेला कनेक्शन पाइप घाला.

आता जीआय, पीपीआर आणि इंग्लंडचे व्हिडिओ. जीआय गरम पाण्यात आतून गंजतो. खडकवासल्याचं पाणी मृदू आहे म्हणून तुमच्याकडे क्षार कमी साठतील, पण वाघोली-उंड्रीकडे टँकर आणि बोअरच्या पाण्याने काही वर्षांतच अर्धा इंची पाइप पेन्सिलीएवढा होतो. धातू हलत कमी असला तरी मी आज घरात नवा जीआय टाकायला सांगणार नाही. पीपीआर चांगला आहे, जॉइंट मशीनने २६० अंशांना वितळवून होतो आणि नीट झाला तर सोल्युशनच्या जॉइंटपेक्षा भरवशाचा. पण साधा पीपीआर सीपीव्हीसीच्या दुप्पट हलतो. तुमच्या आत्ताच्या डक्टमध्ये, त्याच आवळलेल्या क्लॅम्पमध्ये पीपीआर टाकला तर त्रास वाढेल. टाकायचाच तर मध्ये फायबरचा थर असलेला घ्या आणि मशीन रोज वापरणारा माणूस शोधा. वीस मिलीमीटरच्या पाइपाला पाच सेकंद म्हणजे पाचच, आठ सेकंद तापवला की आतून भोक बुजतं.

मुलाने पाठवलेले पुश-फिट जॉइंट तिकडच्या रेडिएटरच्या लाइनला सर्रास वापरतात आणि वाईट नाहीत. आत रबरी रिंग पाणी अडवते आणि स्टीलचे दात पाइप धरून ठेवतात. मऊ पाइपाच्या टोकात आतून आधाराची नळी घालावी लागते, ती विसरली किंवा पाइपावर ओरखडा असला की ते गळतात. आपल्याकडे आपल्या मापाची ही फिटिंग सहज मिळत नाहीत, आणि मिळाली तरी ज्या जागी हात पोचत नाही तिथे मी ती टाकणार नाही. त्याच व्हिडिओंत लाइनमध्ये ओतायचं गळतीचं औषध दाखवतात, ते मात्र अजिबात नको. तिकडे तेच पाणी रेडिएटरमध्ये फिरत राहतं, ते कोणाच्या तोंडात जात नाही. आपलं पाणी लहान मुलांच्या अंगावर आणि तोंडात जातं.

खर्चाचं म्हणाल तर डक्टमधली उभी लाइन सगळ्यांची आहे. सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार मुख्य पाण्याच्या लाइनची दुरुस्ती सोसायटीने करायची असते आणि घरातल्या संडास-बेसिनच्या गळतीचा खर्च सभासदाने. तेव्हा क्लॅम्प, स्लीव्ह, वळसा आणि तुमच्या मजल्यावरचा टी यासाठी कमिटीला लेखी अर्ज द्या, सोबत पहाटेचे आणि दुपारचे दोन्ही फोटो जोडा. खालच्या सगळ्या मजल्यांच्या लोकांनाही विचारा. आखडणारा पाइप एकाच मजल्यावर ओढत नाही, त्यांच्याकडेही कुठेतरी ओल असणार, आणि सगळ्यांनी मिळून मागितलं तर काम एकदाच, पूर्ण होईल.

बेसिनची भिंत उघडलीत तर बुजवण्याआधी रात्रभर पंपाचा दाब ठेवा, मग दोन-तीन दिवस गरम-गार पाणी आलटून पालटून वापरा आणि जॉइंटखाली टिश्यू पेपर दाबून बघा. तो कोरडा राहिला की भिंतीला मोजपट्टी लावून पाइपांचे फोटो काढा आणि मगच गवंड्याला बोलवा. पाइपाभोवती फोमची नळी घालून मग सिमेंट भरायला सांगा, म्हणजे भिंतीतही त्याला हलायला जागा राहील.